काळी मशीन, वर मोटर: दहा महिने वापरून झाल्यावर

बरेच दिवस लिहायचं म्हणत होते पण हातातलं शिवण संपेना. आता दहा महिने झाले मशीन घेऊन, आणि या दहा महिन्यांत तिच्यावर ब्लाऊज झाले, मुलीचे दोन परकर-पोलके झाले, उशांचे अभ्रे, पिशव्या, नणंदेच्या बाळाची कुंची, घरातल्या सगळ्यांच्या जीन्स खालनं कमी करून झाल्या आणि दोन गोधड्याही झाल्या, त्यामुळं आता जे लिहिते ते वापरून लिहिते. आमच्या शिवणाच्या ग्रुपमधल्या तीन-चार जणींनी विचारलं की पांढरी ऑटोमॅटिक घेऊ का साधी काळी, त्यांच्यासाठी मुख्यतः हे.

मशीन म्हणजे आपली नेहमीची काळी, लोखंडी हेडची, एकच सरळ टीप मारणारी. लुधियानाची आहे. अशा मशीन तिकडं कितीतरी नावांनी तयार होतात, वर पट्टी वेगळी असली तरी आतली रचना जवळपास तीच आणि सुट्टे भाग एकमेकींना बसतात, म्हणून मी नावापेक्षा हेड हातानं फिरवून बघण्यावर भर दिला. लोखंडी स्टँड, लाकडी टेबल, पायडल, चामड्याचा पट्टा हे सगळं घेतलं आणि वर छोटी मोटर वेगळी बसवून घेतली. सगळं मिळून मला साडेनऊ हजारांच्या आसपास पडलं, कोल्हापुरातनं घेतली, टेंपोनं इचलकरंजीला घरी आणायचे पैसे वेगळे. हेड नुसतं उचलायचं म्हटलं तरी दोन्ही हात लागतात, आमच्या ह्यांनी आणि टेंपोवाल्या दादांनी मिळून जिन्यातनं वर आणली.

याआधी दोन वर्षं माझ्याकडं पांढरी ऑटोमॅटिक होती, ऑनलाईन मागवलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती वाईट होती असं मला म्हणायचं नाही, हलकं कापड ती फार सुरेख शिवायची, झिगझॅग, काज, पिको, सगळं एका मशीनमध्ये, आणि उचलून कपाटात ठेवता यायची, छोट्या फ्लॅटमध्ये हे किती महत्त्वाचं असतं ते मला माहिती आहे. पण माझं काम तिला झेपलं नाही. खणाच्या कापडाचे काठ, अस्तर आणि पायपिंग एका जागी आलं की ती घुं घुं करून थांबायची, मी हातानं चाक फिरवून तो एक इंच पार करायचे. दुसऱ्या वर्षी जीन्स शिवताना आतनं कट्ट आवाज आला आणि सुई जागेवर थांबली, चाक फिरतंय पण सुई हलत नाही. सर्व्हिस सेंटरला नेली तर आतलं प्लास्टिकचं गिअर तुटलंय म्हणाले, वॉरंटीत बसत नाही, भाग मागवावा लागेल, आणि मग सात आठवडे मी फोन करत राहिले. श्रावण गेला, गौरी-गणपती गेले. मुलीच्या गौरीच्या परकराचं कापड कापून ठेवलेलं तसंच पिशवीत राहिलं आणि ती विकतचा फ्रॉक घालून गौरीपुढं बसली. ते मला अजून लागतं. ज्यांनी घरी काही शिवलंय त्यांना कळेल, कापड कापून झालेलं असतं, खडूच्या खुणा असतात, टाचण्या लावलेल्या असतात आणि शिवता येत नाही, तेव्हा जीव कसा तळमळतो ते.

म्हणून या वेळी ठरवलं होतं की जी गावातला मिस्त्री उघडून दुरुस्त करू शकतो तीच मशीन घ्यायची.

आता टाक्याबद्दल. काळ्या मशीनचा टाका म्हणजे काय ते एकदा बघावं लागतं. मलमलवर अकरा नंबरची सुई लावून टीप मारा, मोत्यासारखे टाके पडतात, वरनं आणि खालनं अगदी सारखे, कापड जरासुद्धा गोळा होत नाही. मग तिच्याच खाली सोळा नंबरची सुई लावून जीन्सची चार पदरी घडी घाला, तीही जाते. नवीन शिकणाऱ्यांसाठी सांगते, सुईच्या पाकिटावर 75/11, 90/14, 100/16 असं लिहिलेलं असतं, त्यातला मोठा आकडा म्हणजे सुईची जाडी, 90 म्हणजे 0.9 मिलिमीटर. मला हे कित्येक वर्षं माहितीच नव्हतं, मी एकच चौदा नंबर सगळ्याला वापरायचे आणि मग रुबिया अस्तरावर भोकं दिसतात म्हणून दोऱ्याला दोष द्यायचे. सुई बदलायला कंजुषी करू नका. दोन-तीन मोठे कपडे झाले की सुईचं टोक बोथट होतं, कापडातनं जाताना टक् टक् असा आवाज येतो, तो आवाज आला की बदलायची, तुटायची वाट बघायची नाही.

कुंचीचं सांगते, कारण मशीनची खरी परीक्षा तिथं झाली. नणंदेच्या बाळाच्या बारशाला खणाची कुंची शिवायची होती, हिरवा खण, लाल काठ, आतनं मलमलचं अस्तर. डोक्याचा भाग सोपा असतो, पण मानेशी मागचा सगळा घोळ चुण्या घालून जोडायचा असतो आणि तिथंच काठ येतो, अस्तर येतं, वर नाडीची पट्टी येते. मोजून बघितलं तर एका ठिकाणी नऊ पदर झाले होते. रात्री साडेअकरा वाजलेले, घरात सगळे झोपलेले, सकाळी सातला निघायचं. कच्चा टाका घालून घेतला, चौदाची काढून सोळाची सुई लावली, मोटर बंद केली आणि हातानं चाक आपल्याकडं फिरवत एकेक टाका घेतला. सुई वर आली की त्या चुणीला बोटानं थोडं दाबायचं, परत चाक, परत टाका. नऊच्या नऊ पदरांतनं सुई सरळ खाली गेली, एकही टाका सुटला नाही, कापड उलटून बघितलं तर खालची टीपसुद्धा सरळ. पांढरीवर हे झालं नसतं. बारशाला सासूबाईंनी कुंची उलटी करून आतली शिवण बघितली, त्यांना आतनं बघायची सवय आहे, आणि काही न बोलता शेजारच्या काकूंच्या हातात दिली बघायला. माझ्यासाठी तेवढं खूप होतं.

खणाच्या कापडाचं एक सांगायला पाहिजे, ते कापलं की कडेनं धागे सुटायला लागतात आणि तास-दोन तासांत कड विस्कटते. म्हणून माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, जास्त सोडायची, मी पाऊण इंच सोडते, आणि कापल्यावर लगेच कडेनं एक टीप मारून ठेवते. पूर्वीच्या कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असायचा, त्यात चोळी बेतशीर बसवायची म्हणजे बायकांचं कसब होतं. आता मीटरवर मोठ्या पन्ह्याचं मिळतं त्यामुळं परकर, जॅकेट, पिशव्या सगळं होतंय, पण त्यातलं बरंच सैल विणीचं असतं आणि धुतल्यावर आटतं. आधी पाण्यातनं काढून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावा. घाईत हे टाळलं की काय होतं ते मुलीच्या पहिल्या पोलक्यावर मी बघितलंय, एका धुण्यात मुंढा काचायला लागला आणि बाही उसवून परत मोठी करायला आत मायाच उरली नव्हती.

दोऱ्याच्या गुंत्याबद्दल लिहिते कारण नव्या बायका इथंच कंटाळून मशीनवर चादर टाकून ठेवतात. शिवताना वरनं सगळं छान दिसतं आणि कापड उलटून बघितलं तर खाली दोऱ्याचा पिंजरा. आपल्याला वाटतं खाली गुंता आहे म्हणजे बॉबिनमध्ये, खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, काहीतरी झालंय, म्हणून आपण बॉबिन काढतो, परत भरतो, केसचा बारीक स्क्रू पिळत बसतो. पण खालनं गुंता दिसला तर बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये नीट बसलेला नसतो त्यामुळं तो सैल सुटतो आणि खालचा दोरा त्याला नुसता ओढून घेतो. यावर उपाय एकच, दोरा ओवताना फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला पाहिजे. फूट वर असला की चकत्या उघड्या राहतात, दोरा आत जातो, मग फूट खाली केला की चकत्या त्याला धरतात. फूट खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या वरनंच जातो. मला हे मिस्त्री काकांनी दाखवलं, त्यांनी फूट खाली करून दोरा ओढायला सांगितला, ताण लागला, मग वर करून ओढायला सांगितला, सरसर आला. दोन सेकंदांचं काम, पण माझी पंधरा वर्षांची चिडचिड तिथं संपली. आणि सुरुवात करताना दोन्ही दोरे मागं धरून ठेवा, पहिले तीन-चार टाके होईपर्यंत सोडायचे नाहीत.

बॉबिन केस बसवताना कट् असा आवाज यायलाच पाहिजे, नाही आला तर नीट बसलेली नाही, तशीच चालवली तर सुई मोडते. आणि केसमधनं येणाऱ्या दोऱ्याला धरून केस लटकवायची, तशीच लटकून राहिली पाहिजे आणि हाताला हलका झटका दिला की दोन इंच खाली उतरली पाहिजे. धाडकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

आता मोटर. मोटर बसवावी का नुसतं पायडल ठेवावं यावर आमच्याकडं घरात बरीच चर्चा झाली. माझा गुडघा दुखतो त्यामुळं मला मोटर पाहिजेच होती. दुकानात विचारताना एवढं विचारा की आतलं वाइंडिंग तांब्याचं आहे का, स्वस्तातल्या मोटरमध्ये ॲल्युमिनियमचं असतं, ती लवकर तापते. मी तांब्याची घेतली, पाच-सहाशे रुपये जास्त गेले. तरी सलग पाऊण तास शिवलं की हात लावून बघते, गरम लागली तर चहा करायला उठते. मोटरमध्ये कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात, ते झिजतात, आतनं ठिणग्या जास्त दिसायला लागल्या आणि जळका वास आला तर कार्बन बदलायची वेळ झाली असं समजा, किरकोळ खर्चाचं काम आहे.

मोटरवर माझी एक खरी तक्रार आहे ती म्हणजे हळू चालत नाही. मोटरच्या पायाखालच्या छोट्या पायडलवर थोडं दाबलं तर नुसती गुणगुणते, आणखी थोडं दाबलं की एकदम सुसाट सुटते. गळ्याच्या गोलाईवर, कटोरीच्या टोकाला, पायपिंग लावताना हे फार त्रासाचं आहे. सवय व्हायला मला महिनाभर लागला. मी जुन्या चादरीवर खडूनं गोल काढून त्यावर शिवत बसायचे, रोज दहा मिनिटं, मग पाऊल हळूहळू वळणावर आलं. आणि घरात लहान मूल असेल तर उठताना प्लग काढूनच उठा, कारण चुकून पायडलवर पाय पडला तर मशीन चालू होते.

जे ती करत नाही ते स्पष्ट लिहिते. झिगझॅग नाही, त्यामुळं कडा आतनं पक्क्या करायला दुसरी सोय करावी लागते. मी ब्लाऊज आणि पोलकी इंटरलॉकला बाहेर देते, आमच्या गल्लीच्या टोकाला एक ताई करून देतात, किंवा पातळ कापड असेल तर डबल शिवण घालते, म्हणजे आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून बारीक टीप, मग पलटून परत टीप, सगळ्या कच्च्या कडा आत जातात. मलमलच्या झबल्याला हेच सगळ्यात चांगलं, बाळाला कुठं टोचत नाही. काज हातानं करावे लागतात. टी-शर्टसारखं ताणणारं होजिअरी कापड हिच्यावर शिवू नका, टाके सुटतात आणि सरळ टीप ताणली की तुटते. फॉल मी आधीपासनंच हातानं लावते आणि पिकोला बाहेर देते त्यामुळं त्याचं काही वाटलं नाही. आणि दिवा नाही, काळ्या रंगावर काळा दोरा रात्री दिसत नाही, लोहचुंबकाचा छोटा एलईडी मिळतो तो पहिल्या दिवशीच आणा.

पण गोधडी. गोधडीसाठी मी ही मशीन कुणालाही घ्यायला सांगेन. आमच्या आईच्या माहेरी गोधड्या हातानंच शिवायच्या, अंगणात जुनी लुगडी पसरायची, चार बाजूंनी चार बायका बसायच्या आणि काठापासनं आत आत धावदोरा घालत जायच्या. ती गोष्ट मशीनला येत नाही, हातच्या गोधडीला जो मऊपणा असतो आणि टाक्यांच्या ज्या लाटा उठतात त्या मशीनच्या गोधडीला नाहीत, हे मान्य करूनच लिहिते. माझ्याकडं तेवढा वेळ नाही आणि बसायला तीन बायकाही नाहीत. पण आईच्या सात सुती साड्या होत्या, विरलेल्या, तिनं घड्या घालून ठेवलेल्या, त्या टाकवेनात. त्यांची गोधडी करायची ठरवली.

पहिली गोधडी बिघडली. मशीनचे खालचे दात फक्त खालचा थर ओढतात, वरच्या थराला फूट दाबून धरतो, त्यामुळं खालची साडी पुढं जाते आणि वरची मागं राहते, शेवटी कडेला वरचा थर दोन-अडीच इंच जास्त उरला आणि मध्ये चुण्या पडल्या. मग दुसऱ्या वेळी वरच्या दांडीचा दाबाचा स्क्रू थोडा सैल केला, टाका मोठा केला, आणि मुख्य म्हणजे आधी जमिनीवर पसरून, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून, वीतभर अंतरानं सगळीकडं कच्चा टाका घालून घेतला. त्यालाच दीड दिवस गेला, पाठ भरून आली. मग मधली ओळ आधी मारली आणि तिथनं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं असं बाहेर बाहेर जात राहिले, म्हणजे थोडंफार सरकलं तरी कडेला निघून जातं. आणि एक ओळ खालनं वर गेली तर पुढची वरनं खाली. एवढं केल्यावर दुसरी सपाट बसली. मशीनच्या उजव्या बाजूच्या कमानीत गुंडाळी घालून घ्यायला जागा कमी पडते, सात साड्यांची वळकटी तिथनं जेमतेम जाते, डबल बेडची करायची असेल तर दोन भाग वेगळे करून मग जोडा. सिंगलची आरामात होते. आई त्या गोधडीवर हात फिरवून एकेक साडी ओळखत होती, ही तुझ्या मुंजीतली म्हणे माझ्या भावाला, ही राखी पौर्णिमेची, ही दवाखान्यात असताना नेसलेली.

कापडाचं म्हणाल तर इचलकरंजीत राहून कापडाची तक्रार करणं बरं नाही. 1904 ला विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासनं गावाचा श्वासच त्या खटखटीवर चालतो, माझ्या शिवणाच्या खोलीच्या भिंतीपलीकडंसुद्धा माग आहेत, मशीन थांबली की त्यांचा आवाज येतो. पॉपलिन, केंब्रिक, मलमल इथं कटपीसमध्ये किलोवर मिळतं, त्यातनं अभ्रे, पेटीकोट, अस्तर, पडदे, कितीतरी निघतं. फक्त किलोवर घेताना तुकडा उजेडात धरून बघा, मागावर धागा तुटून गेलेली जागा असते ती मधोमध असली तर कटिंग बसत नाही. आणि उभा धागा कुठला ते काठावरनं बघून खूण करून ठेवा, कटपीसला काठ नसला तर दोन्हीकडनं ओढून बघायचं, कमी ताणतो तो बहुतेक उभा. परकर आडव्या धाग्यावर कापला गेला तर घेर नीट पडत नाही. गळ्याच्या उरेब पट्टीला मात्र बरोबर तिरकंच कापायचं, 45 अंशात, थोडं जरी सरळीकडं गेलं तरी गळा उभा राहतो, बसत नाही.

दुकानाबद्दल. दुकानाचं नाव लिहीत नाही पण अनुभव चांगला आहे. मी तीन दुकानं फिरले. पहिल्या दोन ठिकाणी मशीन चालवून दाखवायला तयारच नव्हते, खोक्यातनं काढलेली देतो म्हणाले. काळी मशीन खोक्यातनं आली तशी घेऊ नका, ती बसवावी लागते, सुई आणि शटल यांची वेळ जुळवावी लागते, दातांची उंची बघावी लागते. तिसऱ्या दुकानात मिस्त्री काका स्वतः होते, सत्तरीच्या पुढचे असतील, त्यांनी माझ्यासमोर हेड उलटं करून सगळ्या भोकांत तेल सोडलं, दहा मिनिटं नुसती दोऱ्याशिवाय चालवली, मग मला बसवलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही घरी जे शिवणार तेच कापड घेऊन या, माझ्या कापडावर शिवून काय कळणार तुम्हाला." मी परत गेले ती पिशवीत खण, मलमल आणि जीन्सचा तुकडा घेऊन. तिन्हींवर शिवून बघितलं, मलमलवर टाका ओढत होता तो त्यांनी तिथंच जुळवला. तीन महिन्यांनी एकदा मोफत घरी येऊन बघून जातो म्हणाले आणि खरंच आले, बसनं, खांद्याला पिशवी लावून. चहासुद्धा काम झाल्यावर घेतला. पट्टा सैल झाला होता तो त्यांनी अर्धा इंच कापून परत तारेनं जोडला आणि मला शिकवलं, पुढच्या वेळी मी स्वतः केलं.

तेल फक्त मशीनचं पांढरं तेल. खोबरेल घालू नका, ते घट्ट होऊन आत चिकट थर बसतो आणि मशीन जड चालायला लागते. आठवड्याला दोन-दोन थेंब, मग एका चिंधीवर शिवून जास्तीचं तेल काढून टाकायचं नाहीतर पांढऱ्या कापडावर डाग पडतो. दातांच्या खाली कापडाचा भुसा साठतो, गोधडीनंतर तर वाटीभर निघाला, पट्टीचे दोन स्क्रू काढून ब्रशनं साफ करायचा. जुन्या दात घासायच्या ब्रशनं होतं.

कुणी घ्यावी, तर ज्यांच्याकडं मशीन एका जागी कायमची ठेवायला कोपरा आहे आणि ज्या जाडं कापड, खण, गोधडी, पिशव्या शिवणार आहेत त्यांनी डोळे मिटून घ्या. ज्यांना फ्रॉक, कुर्ती, टी-शर्ट, नक्षीचे टाके करायचेत आणि काम झाल्यावर मशीन उचलून ठेवायची आहे त्यांना पांढरीच बरी, फक्त घेण्याआधी तुमच्या गावात ती दुरुस्त कोण करतं ते विचारून घ्या. आणि बॉबिन निदान दहा-बारा घ्या, वेगवेगळ्या रंगांच्या भरून ठेवल्या की मधेच उठावं लागत नाही.

एक राहिलंच. मोटर बसवली तरी मी खालचं पायडल आणि चामड्याचा पट्टा काढला नाही, मिस्त्री काकांनीच सांगितलं राहू दे म्हणून, लाईट गेली की उपयोगी पडतं. गेल्या महिन्यात आई राहायला आली होती. तिच्याकडं पूर्वी उषाची पायमशीन होती, लग्नानंतर वडिलांनी घेतलेली, तिच्यावर आम्हा दोघा भावंडांचे शाळेचे कपडे झाले, ती कधीच विकली गेली. दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि खोलीतनं मशीनचा आवाज यायला लागला, मोटरचा नाही, पायडलचा, तो खाली-वर असा एका लयीतला. जाऊन बघितलं तर आईनं मोटरचा रबरी पट्टा उतरवून चामड्याचा चढवला होता आणि उशीचे दोन अभ्रे घेऊन बसली होती, चष्मा नाकावर, दोन्ही पाय पायडलवर. मी म्हटलं आई तुझे गुडघे, तर म्हणाली, "थांब गं, ही एवढी कड होऊ दे."